ओक चढवण्याआधी जिन्याखाली वाका

या वेळच्या टपालात जिन्यांचीच गर्दी आहे. बहुतेकांचं म्हणणं एकच: जिना जुना आहे, मजबूत आहे, फक्त त्याची रया गेली आहे, तर वरून ओकच्या लाकडाच्या फळ्या चढवाव्या का? मी जिने करून पोट भरणारी बाई. त्यामुळे ‘मजबूत आहे’ हे वाक्य मी आधी खाली वाकून तपासते आणि मगच ओकबद्दल बोलते. (एका वाचकाने पत्राची सुरुवात ‘आदरणीय सर’ अशी केली आहे. चालेल. ओकला फरक पडत नाही, मलाही नाही.)

प्रश्न: ताई, आमच्या घरातला जिना पाइनचा आहे. त्यावर रंगाचे थरावर थर चढलेत आणि मधल्या एकदोन पायऱ्या करकरतात. प्रत्येक पायरीवर 20 मिमी जाडीची ओकची फळी आणि उभ्या भागावर 10 मिमीची पट्टी चिकटवायचं आम्ही ठरवलंय. सुतार म्हणतो, काही तोडायला नको, जुन्यावरच बसवून देतो. तुमचं काय मत?

उत्तर: चिकटवण्यापुरतं सुताराचं बरोबर आहे. मला काळजी आहे ती पहिल्या आणि शेवटच्या पायरीची.

समजा आज तुमच्या जिन्याची प्रत्येक पायरी 180 मिमी उंच आहे. सगळ्या पायऱ्या 20 मिमीने वर आल्या तरी मधल्या पायऱ्यांमधलं अंतर 180च राहतं. पण खालची जमीन होती तिथेच आहे, म्हणून पहिली पायरी 200 मिमीची होते. वरचा मजलाही हललेला नाही, म्हणून शेवटच्या पावलाला 160 मिमीच उरतात. एकाच जिन्यात 40 मिमीचा फरक! अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत एका जिन्यातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या पायरीत 9.5 मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. त्यामागे कारण आहे. माणूस जिना डोळ्यांनी चढत नाही. पहिल्या एकदोन पावलांत पायाला उंचीचा अंदाज येतो आणि पुढचं सगळं पायच बघून घेतो. उतरताना तर आणखी वाईट: पाय 180वर जमीन शोधतो, ती 200वर असते, आणि तो मधला हिसका कंबरेपर्यंत जातो. हातात कपड्यांचा ढीग असेल तर पुढचं सांगायला नको.

यावर इलाज आहेत. सगळ्यात सरळ म्हणजे खालच्या आणि वरच्या दोन्ही जमिनींवर तेवढ्याच जाडीची फरशी किंवा लाकूड येणार असेल, तर हिशोब आपोआप जुळतो. नाहीतरी जमीन बदलायची असेल तर जिन्याचं आणि जमिनीचं काम एकाच वेळी काढा. जमिनीला हात लावायचा नसेल तर माझी पसंती जुन्या आडव्या फळ्या काढून त्याच जाडीच्या ओकच्या फळ्या घालण्याला. जुन्या पद्धतीच्या पुष्कळ जिन्यांत फळीची टोकं दोन्हीकडच्या तिरक्या बाजूपट्ट्यांच्या खाचेत बसवून खालून पाचरी मारलेल्या असतात. पाचरी काढल्या की फळी मागे सरकवून निघते. काम जास्त आहे, धूळ जास्त आहे, पण पायऱ्यांची उंची होती तशी राहते. तिसरा मार्ग पातळ आवरणाचा, 6 ते 8 मिमीचा. तो तडजोडीचा आहे, कारण पहिल्या-शेवटच्या पायरीतला फरक तरीही 12 ते 16 मिमी पडतो. मी तो करत नाही.

उभ्या भागावरच्या 10 मिमीच्या पट्टीचाही हिशोब बघा. ती लावली की पायरीचा पुढे आलेला काठ, ज्याला आम्ही नाक म्हणतो, तोही साधारण तेवढाच पुढे सरकतो. सगळ्या पायऱ्या सारख्याच सरकल्या तर पाऊल टेकायची जागा तेवढीच राहते. मात्र वरच्या मजल्याच्या काठालाही तशीच नाक पुढे काढावी लागते, नाहीतर शेवटची पायरी इतरांपेक्षा 10 मिमीने रुंद होते. जुनी गोलसर नाक कापून उभ्या फळीच्या रेषेत आणा आणि मग नवं काम सुरू करा. नाकेवर नाक बसवली की खाली पोकळी उरते आणि फळीची कड तिथेच फुटते.

आणि कठडा. कठड्याची उंची मोजतात ती पायऱ्यांच्या नाकांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेपासून. ती रेषा 20 मिमी वर आली, शिवाय 10 मिमी पुढे सरकली. साधारण चढाच्या जिन्यात त्या पुढे सरकण्याचे आणखी 7 मिमी होतात. म्हणजे फळी 20 मिमीची आणि कठडा 27 मिमीने बुटका. तुमचा कठडा आधीच जेमतेम असेल तर हे आताच मोजून ठेवा. पायऱ्या झाल्यावर खांब उंच करणं हे वेगळं आणि कटकटीचं काम आहे.

आता करकर. लाकूड लाकडावर किंवा सैल खिळ्यावर घासतं तेव्हा आवाज येतो, आणि वर ओक बसवल्याने तो थांबत नाही. उलट आता तो तुमच्या महागड्या फळीखालून येतो. जिन्याखाली जाता येत असेल तर एकाला वर चालायला लावा आणि तुम्ही खाली टॉर्च घेऊन बसा. सैल पाचर दिसली की ती काढून, सरस लावून परत ठोका. आडव्या आणि उभ्या फळीच्या कोपऱ्यातले त्रिकोणी ठोकळे सुटले असतील तर तेही नव्याने चिकटवा. खालची बाजू प्लास्टरने बंद असेल तर वरूनच जुन्या फळीतून उभ्या फळीच्या माथ्यात स्क्रू मारून आवळा. एरवी वरून मारलेला स्क्रू माझ्या डोळ्यांत खुपतो, पण इथे त्यावर ओक येणारच आहे.

खाली असतानाच एक-दोन मिमीची बारीक भोकं आणि त्यांच्याखाली ताजी भुकटी दिसते का ते बघा. दिसली तर आधी किडीचा बंदोबस्त. कीड लागलेल्या पाइनवर ओक ठोकणाऱ्याला मी सुतार म्हणत नाही.

रंगाबद्दल दोन गोष्टी. एक, सरस रंगाला धरतो आणि रंग लाकडाला धरतो, म्हणजे तुमच्या फळीची पकड त्या जुन्या रंगाइतकीच. पायऱ्यांवरचा रंग लाकडापर्यंत काढाच. दोन, जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसंयुक्त रंगांवर 1978मध्ये बंदी आली, म्हणजे त्याआधी पुष्कळ घरांत तो होता. तपासणीचा संच आणून खात्री करा. शिसं निघालं तर कोरडं घासू नका, घरात लहान मूल असेल तर अजिबात नाही.

फळ्या कापताना कुठलीही पायरी दुसरीसारखी आहे असं धरून चालू नका. जुन्या घरात गुण्या (काटकोन तपासायचं सुतारी साधन) लावलात तर भिंत खोटी ठरते. प्रत्येक पायरीचा जाड पुठ्ठ्याचा साचा काढा, त्यावर पायरीचा क्रमांक घाला आणि त्यानुसारच फळी कापा. बाजूपट्ट्यांपाशी फट ठेवायची गरज नाही, लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलत नाही, म्हणजे फुगत-आक्रसत नाही. ते हलतं रुंदीत. म्हणून अखंड लाकडाची फळी असेल तर लवचिक पॉलियुरेथेन सरस पुढच्या तिसऱ्या भागातच लावा आणि मागची कड मोकळी सोडा. वरच्या पायरीची उभी पट्टी त्या मागच्या कडेवर उभी राहते आणि फट झाकली जाते. यासाठी काम खालून वर करावं लागतं. ज्या रात्री सरस ओला असेल त्या रात्री कोण वर झोपणार आणि कोण खाली, ते संध्याकाळीच ठरवा.

प्रश्न: अखंड ओक घ्यावा की प्लायवर ओकचा थर दिलेल्या तयार फळ्या? दुकानदार तयार फळ्या खपवायला बघतोय असा संशय आहे.

उत्तर: संशय घेऊ नका, निदान या बाबतीत. ओक हट्टी लाकूड आहे. सागापेक्षा कठीण, पण हवेतला ओलावा बदलला की सागापेक्षा जास्त फुगतं आणि आक्रसतं. सपाट चिराईची 280 मिमी रुंद पांढऱ्या ओकची फळी घ्या. लाकडातला ओलावा 4 टक्क्यांनी बदलला तर ती रुंदीत 4 मिमीच्या आसपास हलते. तीच फळी त्रिज्येच्या दिशेने चिरलेली असेल, ज्याला बाजारात क्वार्टर सॉन म्हणतात, तर निम्मंच हलते. शिवाय तिच्यावर ते चमकदार पट्टे दिसतात, ज्यांच्यासाठी मी तरी ओकवर जीव टाकते.

माझा हिशोब असा. जुन्या फळ्या काढून नव्या घालणार असाल तर अखंड ओक, तोही क्वार्टर सॉन. जुन्यावर आवरण चढवणार असाल आणि घरात पावसाळा-उन्हाळ्याच्या ओलाव्यात मोठा फरक पडत असेल, तर प्लायवाली फळी बरी, कारण ती जागची हलत नाही. मात्र वरचा ओकचा थर विचारून घ्या. 4 मिमीच्या आसपास असेल तर पुढे एकदोनदा घासता येईल. कागदासारखा पातळ थर असेल तर परत करा. आणि नाकेची पट्टी अखंड ओकचीच हवी, कारण बूट घासतो तो तिथे. तिचा फळीशी असलेला सांधा सरसाने भरलेला आणि घट्ट आहे ना, हे नखाने चाचपून बघा.

फळ्या कुठल्याही घ्या, पण आणल्या दिवशी बसवू नका. ज्या घरात लावायच्या तिथेच, मध्ये पट्ट्या ठेवून, हवा खेळेल अशा रचून ठेवा. ओलावा मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. घरातल्या लाकडाला 8 ते 12 टक्के ठीक.

प्रश्न: नव्या ओकच्या पायऱ्यांवर स्क्रूभोवती शाईसारखे काळे डाग उमटलेत. शिवाय मी पायऱ्या स्टीलवुलने (बारीक पोलादी तारांच्या काथ्याने) घासून ओल्या फडक्याने पुसल्या, तर सगळीकडे बारीक काळे ठिपके आले! लाकूड सडलेलं मिळालं का?

उत्तर: लाकूड ठणठणीत आहे. तुम्ही खरोखरच शाई बनवली आहे.

ओकमध्ये टॅनिन नावाचं तुरट द्रव्य भरपूर असतं. त्याला लोखंड आणि पाणी मिळालं की निळसर काळा रंग तयार होतो. युरोपात शतकानुशतकं ज्या शाईने लिहिलं गेलं, ती हिराकस आणि मायफळापासूनच व्हायची. हिराकस म्हणजे लोहाचा क्षार, आणि मायफळ म्हणजे ओकच्याच एका जातीच्या फांद्यांवर किडीमुळे येणारी गाठ. तुमच्या जिन्यात साध्या लोखंडी स्क्रूने हिराकसाचं काम केलं, आणि स्टीलवुलचे जे कण लाकडाच्या रंध्रांत अडकले त्यांनी उरलेलं.

डाग निघतात. आधी पॉलिश काढून लाकूड उघडं करा, स्क्रू काढा, मग ऑक्झॅलिक आम्लाचं पाण्यातलं द्रावण फक्त डागावर नाही तर पूर्ण पायरीवर एकसारखं लावा, नाहीतर डागाच्या जागी फिकट चट्टा दिसेल. काही वेळाने स्वच्छ पाण्याने नीट धुऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे, चष्मा, खिडक्या उघड्या. त्याचे स्फटिक लाकडावर सुकून राहिले आणि तुम्ही त्यावर पॉलिशपेपर मारलात तर ती पूड नाकात जाते, म्हणून धुण्यात कंजुषी नको. नंतर स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळी स्क्रू. घासायला स्टीलवुलऐवजी नायलॉनची जाळीदार पट्टी.

त्याच कारणाने ओल्या ओकवर लोखंडी पत्र्याचा डबा, करवत किंवा खिळ्यांची पुडी विसरून ठेवू नका. सकाळी त्यांचा छाप मिळतो.

प्रश्न: पॉलियुरेथेन वार्निश लावावं की तेल? आई थकली आहे, तिला नीट दिसत नाही, आणि गुळगुळीत पायऱ्यांची आम्हाला भीती वाटते.

उत्तर: भीती रास्त आहे. आधी दिसण्याचं बोलू, कारण पत्रात तो मुद्दा शेवटी आला आहे आणि माझ्या मते तो पहिला आहे.

आडव्या पायऱ्या ओकच्या आणि उभा भाग पांढरा रंगवलेला, हे सध्या फार चालतं. चढताना ते छान दिसतं. पण उतरताना माणसाला उभा भाग दिसतच नाही. दिसतात त्या एकाखाली एक फक्त ओकच्या फळ्या, एकाच रंगाच्या, आणि काठ कुठे संपला ते अधू नजरेला कळत नाही. म्हणून नाकेजवळ गडद पट्टी हवी. अक्रोडाच्या लाकडाची पट्टी खाचेत बसवली तर देखणी दिसते आणि आईंना काठही सापडतो. पट्टी पायरीच्या पूर्ण लांबीला हवी आणि पृष्ठभागाच्या अगदी बरोबरीत, वर आलेली नको. जिन्यावर दिवा असा हवा की उतरताना स्वतःची सावली पुढच्या पायरीवर पडणार नाही. आणि कठडा दोन्ही बाजूंना.

आता वार्निश. पॉलियुरेथेनचा थर टणक असतो, पण झिजतो तो पायरीच्या मधोमध आणि नाकेवर, आणि तेवढाच तुकडा परत लावला तर ठिगळ दिसतं. अख्खी पायरी घासावी लागते. मेण मिसळलेलं कठीण तेल, ज्याला हार्डवॅक्स ऑइल म्हणतात, ते लवकर झिजेल, पण झिजलेल्या जागी फडक्याने परत चोळता येतं. घरच्या जिन्याला मी तेलच सांगते. ज्यांना देखभालीचा कंटाळा आहे त्यांनी मॅट पॉलियुरेथेन लावावं, चकचकीत नको. पाण्यातलं पॉलियुरेथेन ओकचा फिका रंग राखतं, तेलातलं त्याला मधासारखी पिवळसर झाक देतं. पाण्यातलं लावणार असाल तर आधी ओल्या फडक्याने लाकूड पुसून उभे राहणारे तंतू वाळल्यावर हलक्या हाताने घासून घ्या.

घासणं 80, 100, फार तर 120 नंबरच्या कागदापर्यंत. टेबलासारखं 220पर्यंत जाऊ नका. लाकूड नको इतकं गुळगुळीत होतं, तेल कमी पितं आणि मोजे घातलेला पाय सटकतो. तरीही सटकण्याची भीती असेल तर नाकेजवळ उथळ खाचा मारा, किंवा वार्निशच्या शेवटच्या हातात घसरणरोधक बारीक दाणे मिसळा. जिन्यावरचा गालिचा पायऱ्यांना नीट आवळून बसवलेला असेल तर चांगला. सैल गालिचा मात्र नकोच.

घासताना तोंडावर चांगला मास्क हवा. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक पदार्थांत धरलं आहे, आणि नाकाच्या कर्करोगाशी ज्या धुळींचा संबंध जोडला गेला त्यांत ओक वरच्या रांगेत आहे. ओढणी गुंडाळून भागत नाही.

प्रश्न: तांबडा ओक आणि पांढरा ओक ओळखायचा कसा?

उत्तर: छोटा तुकडा घ्या, दोन्ही टोकं स्वच्छ कापा, एक टोक साबणाच्या पाण्यात बुडवून दुसऱ्यातून फुंका. बुडबुडे आले तर तांबडा. त्याच्या नळ्या मोकळ्या असतात. पांढऱ्याच्या नळ्या आतून भरलेल्या असतात, म्हणून पिंपं त्याची होतात. घरातल्या जिन्याला दोन्ही चालतात, पांढरा किंचित जास्त कठीण. फक्त एकाच जिन्यात दोन्ही मिसळू नका. तेल लावल्यावर तांबड्याची गुलाबी झाक उघडी पडते.

प्रश्न: पाइनलाच ओकच्या रंगाचा स्टेन (लाकडात मुरणारा रंग) मारला तर?

उत्तर: ओकच्या रंगाचं पाइन मिळेल. पाइन मऊ ते मऊच राहील आणि टाचांचे खड्डे पडतील. स्वच्छ घासून, तेल लावून पाइन म्हणूनच वापरलंत तर मला जास्त आवडेल.

प्रश्न: घरात वर जायला हा एकच जिना आहे. तेल लावल्यावर वाळेपर्यंत माणसांनी करायचं काय?

उत्तर: एक सोडून एक पायरी. आज विषम पायऱ्यांना तेल, त्या पूर्ण वाळल्या की सम पायऱ्यांना. सुक्या पायऱ्यांवर मोठा कागद चिकटवून ठेवा, म्हणजे अर्धवट झोपेतही पाय कुठे टाकायचा ते कळेल. आधीच्या पत्रातल्या आईंसारख्यांना मात्र एक पायरी गाळून चढायला लावू नका. ज्यांना लांब टांग टाकता येत नाही त्यांची झोपायची सोय तेवढ्यापुरती खाली करा.

तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. घराबाहेर पसरून वाळवा, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवून ठेवा. आणि घरात कुत्रा असेल तर त्याला त्या दिवशी खालीच बांधा, सम-विषम त्याला समजावता येत नाही.